अंदमानचं फॅमिली पॅकेज : बोटी वेळेवर, कागद मात्र जळगावच्या घड्याळाचा

जळगावातल्याच एका टूरवाल्याकडून मार्चमध्ये अंदमानचं फॅमिली पॅकेज घेतलं होतं, त्याचा हा रिव्ह्यू. नाव टाकत नाही, माणूस वाईट नाही आणि गावात येता-जाता समोर येतो, पण पैसे मोजलेत म्हटल्यावर चांगलं आणि वाकडं दोन्ही लिहिणार. नुसते फोटो पाहिजे असतील तर रील बघा भो, ढिगाने पडल्यात, मी इथे पोरं, म्हातारं माणूस आणि चार बॅगा घेऊन जाणाऱ्यांसाठी लिहितेय.

पहिला घोळ तारखांचा, आणि तो कुठलाच टूरवाला सोडवून देत नाही. माझी मुलगी सीबीएसईची, तिची परीक्षा मार्चच्या मध्यात आटोपते आणि एक एप्रिलला लगेच नवीन वर्ग चालू. धुळ्याच्या मोठ्या दिरांचा मुलगा स्टेट बोर्डाचा पण दहावीला, म्हणून त्याचे पेपर मार्चमध्येच संपले, खालच्या वर्गात असता तर एप्रिलभर अडकला असता. आमचे हे बँकेत, म्हणजे मार्चएंड, शेवटच्या आठवड्यात सुट्टीचा अर्ज दिला तर मॅनेजर अर्जाकडे नाही, तोंडाकडे बघतो. बरं मे महिन्यात जाऊ म्हणावं तर मान्सून आपल्या देशात सगळ्यात आधी अंदमानातच उतरतो, मेच्या विशीपर्यंत तिकडे पाऊस, समुद्र खवळलेला, बोट कधी रद्द होईल नेम नाही. आणि मधे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला नणंदा माहेरी येणार आणि सासूबाई तेव्हा बीचवर बसलेल्या असणार, हे आमच्या घरात तरी व्हायचं नाही. असं सगळं वजा करत करत मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात जेमतेम फट सापडली. तुमच्याकडे पोरं दोन वेगळ्या बोर्डांची असतील तर आधी शाळांचं वेळापत्रक हातात घ्या, मग पॅकेजकडे बघा. विमानाचं तिकीट तारीख पक्की झाली त्याच दिवशी काढा, आमच्या दिरांनी "बघू, विचार करू" म्हणत जे दिवस घालवले त्यात भाव चांगलाच चढला.

जायचं कसं. जळगावहून आता विमानं उडतात पण पुढच्या विमानाशी वेळ जुळेलच असं नाही, आम्ही रात्रीच्या रेल्वेने मुंबई, तिथून चेन्नई, चेन्नईहून पोर्ट ब्लेअर. इथे टूरवाल्याने पहिली मेख मारून ठेवली होती. मुंबई-चेन्नई आणि चेन्नई-पोर्ट ब्लेअर ही दोन वेगवेगळ्या पीएनआरची तिकिटं काढली, थोडं स्वस्त पडतं म्हणे. पडतं खरं, पण मग चेन्नईला बॅगा पट्ट्यावरून उतरवून घ्यायच्या, बाहेर यायचं, पुन्हा काउंटरला लाइन लावायची, आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसरं तुमच्यासाठी थांबत नाही. सासूबाईंना व्हीलचेअर मिळाली म्हणून निभावलं. एकाच पीएनआरवर सलग तिकीट मागा, हजार-पाचशे जास्त गेले तरी. हाताशी वेळ असेल तर भुसावळहून गीतांजली किंवा मेलने हावडा गाठायचं आणि कोलकात्याहून एकच विमान पकडायचं हाही रस्ता चांगला आहे, गाडीत एक दिवस जातो पण भुसावळला गाडी घरासमोरच लागते म्हणा ना. दिरांना जहाजाने जायची हौस होती, चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजं जातात, पण तीन-चार दिवस लागतात म्हटल्यावर जाऊबाईंनी विषयच संपवला.

आता पॅकेज. विमान सोडून माणशी तीस हजारांच्या आतबाहेर, त्यात हॉटेल, सकाळचा नाश्ता, एसी गाडी, बेटांमधल्या खासगी बोटीची तिकिटं आणि सगळ्या ठिकाणांची एंट्री. पोर्ट ब्लेअर शहर, हॅवलॉक आणि नील ही बेटं, अशी तीन ठिकाणं. व्हाउचरवर मात्र श्री विजयपुरम, स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी नावं येतात, बेटांची नावं २०१८ ला बदलली आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ ला, तिथले ड्रायव्हर अजून जुनीच बोलतात, तेव्हा कागद बघून घाबरू नका.

सगळ्यात मोठी तक्रार टूरवाल्याने दिलेल्या इटिनररीच्या, म्हणजे रोजच्या कार्यक्रमाच्या कागदाबद्दल आहे. पहिल्या दिवसाच्या रकान्यात लिहिलेलं, संध्याकाळी सहा वाजता चिडिया टापूला सनसेट पॉइंट. आता अंदमान आहे कुठे, जळगावपासून आग्नेयेला, पार ब्रह्मदेशाच्या अंगाला. घड्याळ आपलंच चालतं पण सूर्य आपल्यापेक्षा तासाभराहून जास्त आधी उगवतो आणि तितकाच आधी बुडतो. मार्चमध्ये आपल्याकडे पावणेसातपर्यंत उजेड असतो ना, तिथे साडेपाचला सूर्य गेलेला असतो. आम्ही हॉटेलात आंघोळी उरकून, पोरांचे केस विंचरून, फोटोसाठी कपडे बदलून पाचला गाडीत बसलो तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, वहाँ पहुँचते पहुँचते अंधेरा हो जाएगा." आणि झालाच. पंचवीस किलोमीटर जाऊन आम्ही काळोखात चहा आणि नारळपाणी पिऊन परत आलो. टूरवाल्याला फोन लावला तर म्हणतो, "ताई, सगळ्यांना हीच इटिनररी पाठवतो, आजपर्यंत कोणी काही बोललं नाही." म्हणजे कोणी वाचतच नाही.

त्या रात्री तो कागद घेऊन बसले आणि ड्रायव्हरला विचारून सगळा नव्याने आखला. तुम्ही हे घरूनच करा. नियम सोपा आहे, दिवस पाचला सुरू करायचा आणि पाचला संपवायचा. पोरं रडतील पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आपोआप उठतात कारण साडेपाचलाच खिडकीत लख्ख उजेड असतो. दुपारी जेवून एक झोप काढायची, बाराच्या उन्हात वाळूवर काही करायला नसतं. आपलं ऊन कोरडं, चाळिशी गाठली तरी सावलीत बरं वाटतं, तिथे पारा तिशीच्या थोडा वर पण घाम अंगावरून हटत नाही, सासूबाई पदराने वारा घेत म्हणायच्या आपलं धुळं बरं.

हॅवलॉकला म्हणून आम्ही राधानगर बीच दुपारी तीनलाच गाठला, कागदावर "सायंकाळी ६" होतं. हा बीच आशियातला सगळ्यात चांगला म्हणून टाइम मासिकाने २००४ मध्ये निवडला होता, २०२० ला स्वच्छ किनाऱ्यांना देतात तो ब्लू फ्लॅगही मिळाला, आणि मी अशा पाट्यांवर विश्वास ठेवणारी नाही पण इथे ठेवला. वाळू मैद्यासारखी, पायाला टोचत नाही, चिकटली तर झटकली की जाते. मागे दाट जंगल, उंचच उंच झाडं थेट वाळूपर्यंत आलेली, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला सावलीत बसून समुद्र बघता येतो, आपल्या कोकणात बऱ्याच ठिकाणी ही सोय नाही. कपडे बदलायला खोल्या, टॉयलेट, नळ, सगळं जागेवर आणि स्वच्छ. पाणी बरंच आतपर्यंत कमरेएवढंच, पण लाटा जोरात येतात, लाइफगार्ड शिट्टी मारतो तेव्हा ऐकायचं. अंधार पडायच्या आधी सगळ्यांना पाण्याबाहेर काढतात म्हणून तीनला गेलेलं पथ्यावर पडलं. सासूबाईंनी आयुष्यात तापी सोडून मोठं पाणी पाहिलेलं नाही, काठावर उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या, "हाऊ समुंदर शे का तलाव? इतला निळा कसा?" आणि लुगडं खोचून घोट्याएवढ्या पाण्यात गेल्या त्या बाहेर यायलाच तयार नाहीत.

एलिफंट बीचचं वेगळं. तिथे हॅवलॉकच्या जेट्टीवरून स्पीडबोटीने जायचं किंवा जंगलातून चालत. पॅकेजमध्ये ठळक अक्षरात "स्नॉर्कलिंग फ्री", म्हणजे तोंडात नळी धरून पाण्याखालचे मासे बघणं. फ्री म्हणजे काय तर ट्यूब धरून तुम्हाला काठाजवळ नेतात, तोंड पाण्यात घालायला लावतात, तुम्ही श्वास कसा घ्यायचा ते शिकेपर्यंत परत आणतात. आत जिथे खरे मासे आणि प्रवाळ दिसतं तिथे न्यायचे वेगळे पैसे, व्हिडिओचे वेगळे. फसवणूक म्हणणार नाही, बोटीच्या तिकिटासोबत सगळ्यांनाच एवढंच मिळतं, पण टूरवाल्याने हे आधी सांगायला काय हरकत होती. मुलीने आणि पुतण्याने पैसे भरून लांबचं केलं आणि पूर्ण वसूल झालं, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, पोपटी-निळे, हातभर अंतरावरून जातात. प्रवाळ सगळीकडे रंगीत असेल अशी आशा मात्र ठेवू नका, समुद्राचं पाणी तापून २०१० मध्ये तिकडचं बरंचसं प्रवाळ पांढरं पडलं होतं, २०१६ ला पुन्हा तेच, काही ठिकाणी सावरलंय, काही ठिकाणी नुसते सांगाडे. किनाऱ्यावर उन्मळून पडलेली मोठमोठी झाडं दिसतात ती २००४ च्या त्सुनामीतली. ज्यांना पाण्यात उतरायचं नाही त्यांच्यासाठी तळाला काच असलेली बोट आहे, सासूबाई आणि जाऊबाई त्यात बसल्या, खूश. पाठीवर हवेची टाकी लावून खोल जायच्या स्कूबासाठी साधारण दहा वर्षांच्या वरचीच मुलं घेतात, त्यामुळे घरी लहान पोरांना आमिष दाखवून ठेवू नका, तिथे जाऊन भोकाड ऐकावं लागतं.

मला स्वतःला सगळ्यात आवडलं ते नील. हॅवलॉकपेक्षा लहान, निवांत, भाजीचे मळे, केळी, रावेर-यावलसारखं वाटलं थोडं, फक्त बांधाच्या पलीकडे समुद्र. तिथे दगडाची एक नैसर्गिक कमान आहे, तिला हावडा ब्रिजही म्हणतात. आता हिची गंमत अशी की ती ओहोटीलाच जवळून बघता येते. भरती असली तर लांबून कोपरा दिसतो आणि परत या. आमच्या कागदावर होती दुपारी दोन वाजता, कारण बोट दीडला पोचते, बस्स, भरती-ओहोटीचा विचार शून्य. नीलच्या ड्रायव्हरने जेट्टीवरच सांगितलं की आज दोनला पाणी वर आहे, उद्या सकाळी सहाला नेतो. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते त्यामुळे मी इथे वेळ लिहून उपयोग नाही, हॉटेलच्या काउंटरवर किंवा ड्रायव्हरला विचारायचं, त्यांना तोंडपाठ असते. सकाळी गेलो तर पाणी पार मागे गेलेलं आणि कमानीपर्यंत सगळा खडकाळ तळ उघडा पडलेला. खडकांच्या खळग्यांत पाणी साचलेलं आणि प्रत्येक खळग्यात काहीतरी जिवंत. काळी जाडजूड समुद्रकाकडी, आधी पोरांना वाटलं कोणाची तरी चप्पल अडकलीय. नखाएवढे खेकडे, पाय ठेवला की गायब. एक शिंपला खडकात रुतलेला, आतली निळी-जांभळी किनार चमकत होती, सावली पडली की तोंड मिटायचा, पोरांनी दहा वेळा सावली पाडून बघितली. गाइड केला होता थोडे पैसे देऊन, तो चांगला होता, हात लावू देत नव्हता. चपला मागे पट्टा असलेल्या घाला, खडक शेवाळाने निसरडे आहेत, साध्या स्लीपरने दीर आपटता आपटता वाचले. सासूबाईंना तिथे नेऊ नका, उतरण आणि खडक दोन्ही त्रासाचे, आमच्या बाई वरच बसल्या, "मना पाय दुखतस, तुमी जा" म्हणून, आणि मोसंबीसारखं कुठलंतरी फळ विकणाऱ्या बाईशी हातवारे करून गप्पा मारत होत्या. भरतपूर बीच त्यांच्यासाठी बरा, जेट्टीला लागूनच, पाणी उथळ आणि शांत.

बोटींबद्दल पूर्ण मार्क. तिकिटं आधी काढलेली, सीट एकत्र, जेट्टीवर यांचा माणूस नावाची पाटी घेऊन हजर, एकदाही चुकला नाही. हे सोपं काम नाही, सरकारी फेरी स्वस्त असते पण सीझनला तिकीट मिळत नाही, खासगीची सुद्धा ऐनवेळी मिळेल याचा भरवसा नाही, त्यामुळे पॅकेज घ्यायचं खरं कारण माझ्या मते हेच. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक बोट बघून दीड ते अडीच तास. बोटीवर विमानासारखंच आहे, ओळखपत्र, बॅगा स्कॅन, सामानाला मर्यादा. उलटीची गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी द्या, बोट हलायला लागल्यावर देऊन फायदा नाही. काही बोटींत डेकवर जाता येतं, काहींत बंद एसी केबिनमध्ये बसून राहावं लागतं, ज्यांना मळमळतं त्यांनी डेकवाली मागून घ्यावी. आमच्याकडे एकच आजारी पडलं, तेही ज्यांनी "मला काही होत नाही" म्हणून गोळी नाकारली ते, नाव घेत नाही, बँकेत आहेत.

कागदात बाराटांग बेटही कोंबलं होतं. चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी. त्यासाठी पहाटे तीन-साडेतीनला निघायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर ताफ्यासाठी थांबायचं, मग जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्या एकामागोमाग जातात, मधे थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खायला द्यायचं नाही. नियम बरोबरच आहे. पण ती माणसं दिसतील म्हणून कोणी जाणार असेल तर मला ते पटत नाही, आणि पोरं आणि म्हातारं माणूस घेऊन अख्खा दिवस गाडीत घालवायचा तर त्यापेक्षा आम्ही तो दिवस रद्द करून हॅवलॉकला रात्र वाढवली. टूरवाला आधी नाही म्हणाला, मग हॉटेलचा फरक घेऊन तयार झाला, बाराटांगच्या गाडीचे पैसे मात्र परत दिले नाहीत, अजून "ॲडजस्ट करतो" चालू आहे.

सेल्युलर जेलला त्याने तासभर दिला होता, त्यात काही होत नाही. १८९६ ला बांधायला घेतलं, १९०६ ला पूर्ण, सात पाकळ्यांपैकी आता तीनच उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी सगळे बघतातच, तिथे मराठी माणसांची रांग. मी पोरांना भीमा नायकांबद्दल सांगितलं, सातपुड्यात बडवानीकडचे भिल्ल पुढारी, १८५७ च्या उठावात आपल्या खानदेशाच्या हद्दीपर्यंत इंग्रजांना जेरीस आणलं, त्यांनाही काळ्या पाण्यावरच पाठवलं होतं, हे जेल बांधायच्या कितीतरी आधी. तिथल्या माहितीफलकांवर ते नाव शोधत बसू नका, घरूनच वाचून जा. संध्याकाळच्या लाइट अँड साउंड शोची तिकिटं टूरवाल्याने काढून ठेवलेली होती, पुढच्या ओळीतली, हे चांगलं काम. रॉस बेटावर, म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपवर, बोटीने जेमतेम दहा मिनिटं, पडकी इंग्रजी घरं, त्यांच्या भिंती गिळून बसलेली झाडं आणि माणसांना न घाबरणारी हरणं. चढ आहे, म्हाताऱ्यांसाठी बॅटरीची गाडी मिळते ती घ्या.

हॉटेलं ठीक. पोर्ट ब्लेअरचं स्वच्छ, नीलचं छान, हॅवलॉकला "सी व्ह्यू" म्हणून जी रूम दिली तिच्या खिडकीत जनरेटर होता आणि समुद्र बघायला गच्चीवर जावं लागायचं. तक्रार केल्यावर दुसऱ्या दिवशी बदलून दिली. व्हाउचरवर रूमचा नेमका प्रकार लिहून घ्या, तोंडी काही नको.

जेवणाचं सांगते कारण आपल्याकडे हाच प्रश्न पहिला. शाकाहारी मिळतं, इडली-डोसा आणि बंगाली पद्धतीची थाळी सगळीकडे, पण तिखट नाही, सगळं सौम्य. सासूबाईंनी दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि बिबडे नेले होते, आम्ही हसलो, तिसऱ्या दिवशी दहावीवाला पुतण्या ठेच्याच्या डब्यासाठी भांडत होता. मासे खाणाऱ्यांची मात्र चैन, ताजे आणि दाखवून तळून देतात. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून ठेवा. २०२० ला चेन्नईहून समुद्राखालून केबल आली तेव्हापासून नेट सुधारलंय म्हणतात, पण हॅवलॉक-नीलला मधेच जातं आणि मग नारळवाल्याचं यूपीआय गोल गोल फिरत बसतं. वाळूतल्या बारीक माश्या चावतात, संध्याकाळी पायाला खोबरेल लावा, खाज दोन-तीन दिवस राहते. आणि पोरांनी गोळा केलेले शंख, प्रवाळाचे तुकडे बॅगेत घालू नका, नेणं गुन्हा आहे आणि विमानतळावर बॅग उघडून काढून घेतात. आमच्या मुलाचा खिसा रिकामा झाला तेव्हा जो गोंधळ झाला तो टूरवाल्याने एक ओळ लिहिली असती तर टळला असता.

परत आल्यावर त्याचा फोन, ताई पाच स्टार टाका ना. साडेतीन टाकलेत. बोटींचे, जेट्टीवरच्या माणसाचे आणि शोच्या तिकिटांचे पूर्ण, कागदाचे शून्य. बाराटांगच्या गाडीचे पैसे आले की चार करते.